न दाबलेले पाच ठोकळे

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, भावोजींचा खोकला थांबला असेल आणि भाच्याने साहेबाशी जुळवून घेतलं असेल असं धरून चालतो. (तिन्हींपैकी एक जरी खरं असेल तर कळव, इथे सध्या चांगल्या बातमीचा दुष्काळ आहे.) आमच्याकडे सगळे ठीक, मी सोडून. चार दिवस बायको म्हणतेय की मी झोपेत मुठी आवळतो. त्याचं कारण लांबलचक आहे, पण तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

तुला ठाऊकच आहे की माझ्या कारखान्यात आता रबरी ठोकळे बनतात, लिफ्टच्या मोटरखाली ठेवायचे. मोटर थरथरली तरी खालच्या खोलीतल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून. आठशे ठोकळ्यांचं काम एका लिफ्ट कंपनीने दिलं आणि सोबत एक तपासनीसही दिला. हा माणूस चहा घेत नाही, पंख्याखाली बसत नाही आणि आपण बोललो की घड्याळ बघतो. पहिला घाणा निघाला तेव्हा त्याने नऊ ठोकळे उचलले, त्यांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या आणि सांगितलं, परीक्षा होईल ती यांचीच. ठरलेलं वजन ठेवल्यावर ठोकळा सहा ते आठ मिलिमीटर दबला पाहिजे. गेल्या शुक्रवारी त्याने चार ठोकळे तपासले. चारही साडेनऊ दबले.

ताई, मी हबकलो. आजवरची गिऱ्हाइकं अंगठ्याने दाबून बघायची, "छान आहे हो" म्हणायची आणि माल उचलायची. मोजायचा काटा कोणी आणलाच नव्हता.

आता माझा गुन्हा सांगतो. नवं रबर असतं नव्या जावयासारखं. पहिल्या भेटीत ताठ, तीनदा जेवून गेला की सैल. ज्या उस्तादाकडे मी शिकलो तो प्रत्येक नमुना गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी व्हाइसमध्ये, म्हणजे दांडा फिरवून आवळायच्या लोखंडी जबड्यात, तीनदा आवळून सोडायचा, म्हणजे तो आयत्या वेळी अडून बसत नाही. मीही बावीस वर्षं तेच करतो, सकाळी लवकर, कोणी यायच्या आत. (धंद्यातली खुबी चारचौघांत करू नये.) त्या शुक्रवारीही सातला येऊन केलं.

तपासनीस गेल्यावर मी सगळ्यांना उभं केलं. मिस्तरी मान खाली घालून म्हणाला, "मीपण तीनदा आवळले. तुम्ही विसरला असाल म्हटलं. हल्ली विसरता तुम्ही." हा आठला आला होता. माझ्यामागे बायको कागदाच्या घड्या करत होती (पॅकिंग तिच्याकडे असतं), ती वर न बघताच म्हणाली, "मी बारा वर्षं आवळतेय. कधी विचारलंत?" ही आली नऊला, आणि हातात जोर नाही म्हणून दांड्यावर पाय देऊन आवळते. म्हणजे मी आवळलं त्याहून मिस्तरीने थोडं जास्त आणि मिस्तरीहून हिने जास्त. रबराचं असं आहे की जेवढं दाबाल तेवढ्यापुरता त्याचा ताठा जातो, त्याहून पुढे दाबलंत की आणखी जातो. स्वस्थ पडू दिलं तर थोडा परत येतो, सगळा कधीच येत नाही. एकाच सकाळी नऊ वेळा पिळलेला ठोकळा तपासनिसापुढे गेला आणि लोण्यासारखा बसला.

परीक्षेसाठी चारच बाहेर काढले होते, उरलेले पाच ठोकळे पेटीत होते म्हणून वाचले. तपासनिसाने आणखी एकच संधी दिली आहे, येत्या शुक्रवारी त्यांतल्या चारांवर निकाल. तेही आठच्या वर दबले तर आठशेचं काम गेलं, आणि त्या कामावर भरवसा ठेवून घेतलेली अकरा माणसंही मला घरी पाठवावी लागतील. त्यांतल्या दोघांची लग्नं ठरली आहेत. दोघंही रोज आनंदाने माझ्याकडे बघून हसतात, ते बघवत नाही.

पाचही ठोकळे मी लोखंडी कपाटात ठेवले आणि किल्ली गळ्यात घातली. पण कारखान्यात सगळ्यांचेच हात शिवशिवतायत. माझे कान तुला माहीत आहेत, दोन भिंतींपलीकडून कोण चमचा चाटतंय ते सांगेन. काल जेवताना व्हाइस करकरल्याचं ऐकलं आणि खरकट्या हाताने धावलो. मिस्तरी स्वतःची चप्पल आवळत होता. "हाताला चैन पडत नाही," म्हणाला. मी ओरडणार होतो, पण खरं सांगतो, माझा हात दुसऱ्या चपलेकडे गेला होता.

खरी भीती वेगळीच आहे, ती बायकोलाही सांगितलेली नाही. न दाबलेला ठोकळा किती दबतो ते मला माहीत नाही. बावीस वर्षांत मी तो पाहिलेलाच नाही. फरशीवर टाकून आवाजावरून मी रबर जुनं की नवं ते सांगतो, पण ज्याला हात लावला नाही ते चांगलं आहे की नाही हे कुठल्या कानाने ऐकू?

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्यांना जे लागू असेल ते.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र आणि एक पार्सल मिस्तरी आणून देईल. पार्सलमध्ये ते पाच ठोकळे आहेत. शुक्रवारपर्यंत तुझ्या कपाटात साड्यांखाली ठेव. भावोजींना दाखवू नकोस, ते दाबून बघतील.

ता. क. मिस्तरीला चहा देशील तेव्हा कप एका हातात आणि बशी दुसऱ्या हातात दे. पार्सल तू आत नेऊन ठेवेपर्यंत त्याचा एकही हात मोकळा ठेवू नकोस.

ता. क. वर पाच लिहिलंय ते चार समज. पत्र लिहिताना एक मी डाव्या हाताने आवळत होतो, मला आत्ता कळलं. आता जास्तीचा एकही नाही. म्हणून शुक्रवारी दहाला ठोकळे घेऊन तूच ये, माझ्या शेजारी बस आणि काटा थांबेपर्यंत माझे दोन्ही हात धरून ठेव.