काळा करकोचा मी पाहिलाच

सावेडी, नगर

ती. दादांना धाकट्या नीलांबरीचा नमस्कार.

राहात्याच्या थंडीत तुमचा खोकला कसा आहे? वहिनी काढा देतील तो मुकाट्याने घ्या. (आज सल्ले द्यायची पाळी माझी.) गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने पक्षी बघायला चिखलात जाऊ नये, असं तुम्ही फोनवर चाळीस मिनिटं समजावलंत. मी रविवारी गेले होते. माहिती म्हणून कळवते आहे, माफी म्हणून नव्हे.

भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर यंदा काळा करकोचा उतरला आहे. वरून काळाभोर, पोट पांढरं, चोच नि पाय लालभडक; आपल्याकडे क्वचितच येतो. आमच्या पक्षिमंडळाचे प्रमुख रविराज (बँकेत असतात, कॅमेऱ्याची नळी हातभर) काष्टीच्या पुढे गाडी थांबवून म्हणाले, काकू, तुम्ही बांधावरच बसा, दिसला की हाक मारू. शाळेत चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना खाली बसवलं, दादा. मला बसवणारा हा पहिलाच. मंडळी पलीकडच्या काठाला गेली आणि मी डबा उघडून रागारागाने धपाटे खात बसले.

तेवढ्यात म्हशी घेऊन तिथल्याच एक राहीबाई आल्या. त्यांना एक धपाटं दिलं आणि पक्ष्याचं वर्णन सांगितलं. त्या म्हणाल्या, "तांबड्या पायाचा व्हय? आमच्या म्हशींमागं रोज हिंडतो की. मानसं लई बोलत्यात, म्हनून त्यांच्याकडं जात न्हाई. चला माज्यासंगं, पन गप चला."

मी गप्प चालले. (वहिनींना हे पटणार नाही.) एक चप्पल चिखलाने गिळली, दुसरी मीच सोडून दिली. साडी खोचून एका म्हशीच्या आडोशाने पुढे सरकले, तर वीस पावलांवर तो उभा. त्याने बेडूक उचलला, गिळला, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उन्हात ती काळी मान हिरवी-जांभळी झाली. मला हसू आलं आणि रडूही; आधी कुठलं, ते आठवत नाही.

गाडीशी बाकीचे परतले ते हिरमुसलेले. मी पाहिला म्हटल्यावर रविराजांनी फोटो मागितला. नाही म्हणताच समजुतीने हसले. दुसराच कुठला पक्षी असेल, फोटोशिवाय नोंद होत नाही, म्हणाले. मग मी त्यांचीच वही ओढली आणि लिहिलं: काळा करकोचा, एक. खाली माझी सही. म्हशी घेऊन रस्त्यावर आलेल्या राहीबाईंनीही सही केली, माझ्यापेक्षा वळणदार. रविराजांना नोंद खोडायची असेल तर खुशाल खोडावी. मी पुन्हा लिहीन.

तेव्हा यापुढे कुठे जायचं ते मी ठरवणार. मी कुणाला भीत नाही नि कुणापासून काही लपवत नाही.

तुमची
नीलू

ता. क. गुडघा थोडा सुजलाय, पण तो जिन्यामुळे.

आणखी एक. लेक देवश्री परवा पुण्याहून येते आहे. तिला मी रविवारी शिर्डीला दर्शनाला गेले होते असं सांगितलंय. तुम्हाला शिर्डी हाकेच्या अंतरावर. प्रसादाच्या लाडवांची दोन पाकिटं उद्याच कुणाबरोबर तरी पाठवा. आणि तिने विचारलंच, तर दुपारी मी तुमच्याकडे जेवले होते.