हेल्मेटमागचा आवाज

३ जून, सकाळी ७
बातमी पक्की. मी डब केलेल्या तिन्ही परदेशी अवकाशपटांवरून ॲनिमेशन मालिका निघतेय. सव्वीस भाग, सगळे कप्तानाच्या तरुणपणावर. म्हणजे माझ्यावरच. सिनेमांत कप्तान आपल्या भाषेत बोलला तो माझ्या गळ्यातून. एकही रीटेक नाही! संकल्प: फ्रिजचं पाणी बंद. रोज मिठाच्या गुळण्या. कामाशिवाय तोंड उघडायचं नाही.

४ जून
फ्रिजचं पाणी प्यायलो. उकाडा फार. अस्सल आवाज एवढ्याने बिघडत नसतो.

९ जून
डबिंगच्या डायरेक्टरबाईंचा फोन. ऑडिशन द्यायची म्हणे. मी! वर माझ्या मेहुण्यालाही बोलावलंय. बायकोचा हा धाकटा भाऊ. याला लाइनीत आणलं कुणी? मीच. गर्दीत ‘पळा, पळा’ ओरडायला माणसं कमी होती म्हणून. ठीक आहे. बिचाऱ्याला स्टुडिओ तरी बघायला मिळेल.

१० जून
घात झाला. मालिकेत कप्तानाला हेल्मेटच नाही. सिनेमांत ते कधी निघालं नाही, त्यामुळे त्याचे ओठ कुणी पाहिले नव्हते. मी केव्हाही सुरू करायचो, केव्हाही संपवायचो, सगळं बसायचं. इथे तोंड उघडं. मी बोलतोय तोवर त्याचं मिटलं. पुढच्या टेकला त्याचं चालू, मी गप्प. चौदा टेक झाले. चूक चित्रकाराची. बाईंना म्हटलं, कप्तानाला आणखी दोन सेकंद बोलायला लावा. त्या म्हणाल्या, चित्र तयार होऊनच येतं. म्हटलं, मग हेल्मेट तरी घाला. त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या.
मेहुण्याचं दुसऱ्या टेकला जमलं. नवशिक्याचं नशीब.

१३ जून
कप्तान मेहुण्याला. मला ‘जखमी सैनिक क्रमांक दोन’. नाही म्हणून कळवलं. बायकोने भावाचं कौतुक शेजारच्या तीन मजल्यांवर पोचवलं. घर फिरलं की वासेही फिरतात. मी मोठ्या मनाने अभिनंदनाचा फोन केला. त्याने उचलायच्या आत ठेवला. मिस्ड कॉल दिसतोच की.

१५ जून
तो घरी आला, पाया पडला. भाऊजी, कप्तानाचं काही शिकवा म्हणाला. त्याच्या नम्रपणाचा मला भयंकर राग येतो. उर्मट असता तर निदान भांडता तरी आलं असतं. मुद्दाम उलटं शिकवलं: प्रत्येक वाक्याच्या मधोमध विनाकारण थांबायचं. आठवडाभरात हाकलतील.
जरा वाईट वाटलं. मग चहा घेतला.

२ ऑगस्ट
मालिका सुरू होऊन महिना झाला. पेपरात आलंय की कप्तानाचं ते अर्ध्या वाक्यात थबकणं अंगावर येतं. गल्लीतली पोरं थबकत बोलतात. बायकोही भाजी वाढताना थबकते. मेहुण्याने मुलाखतीत सांगितलं, हे भाऊजींनी शिकवलं. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, कोण भाऊजी? ते छापलं नाही. बायकोने सांगितलं.
जेवलो नाही. म्हणजे भात घेतला नाही.

२३ ऑगस्ट
आठवा भाग. आज कप्तान पहिल्यांदा हेल्मेट घालतो. बघणार नव्हतो, पण टीव्ही चालूच होता. त्याने ते डोक्यावर चढवलं, बोलला, आणि मी ताडकन उठलो. माझा आवाज! तो खर्ज, ती खोली, सगळं माझं! शेवटी जमलं नाही ना बाळाला? माझं जुनं रेकॉर्डिंग वापरलंय, तेही न विचारता. बायको म्हणाली, माझा भाऊच आहे तो. बहिणीची माया आंधळी. उद्या स्टुडिओत जाऊन पडद्यावर नाव मागणार. मेहुण्याच्या वर.

२४ ऑगस्ट, दुपारी
गेलो. रेकॉर्डिस्ट म्हणाला, आवाज मेहुण्याचाच, बाकीचं मशीनचं एक बटण करतं. सिनेमांच्या वेळीही आम्ही तेच दाबायचो, म्हणाला. मी चढ्या आवाजात म्हटलं, माझा आवाज मला कळत नाही? मग त्याने तेच बटण दाबून एकाच वाक्याची दोन रेकॉर्डिंग लावली. एक माझं, तिसऱ्या सिनेमातलं. म्हणाला, ओळखा.
पहिल्यात दम नव्हता. पोरकट वाटलं, तसं बोललोही. दुसरं ऐकून अंगावर काटा आला. छातीठोकपणे सांगितलं, हा मी.
दुसरं रिसेप्शनवरच्या बाईंचं निघालं. जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून बोलल्या होत्या. रेकॉर्डिस्टने त्यांना बोलावून सांगितलं. फार खूश झाल्या. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, तुमच्यासारख्या जुन्या माणसाने म्हटलं म्हणजे कप्तान मला जमतो याची खात्रीच झाली.
बायकोला सांगितलं, स्टुडिओ बंद होता.