माळ्यावरची अंबाडी

रोल्ला, शारजा
१८ ऑक्टोबर २००४

प्रिय पराग,

हे पत्र तुझ्या हातात येईल तेव्हा विमान जमिनीवरून उठलेलं असेल. उठल्यावरच द्यायचं, असं मी सांगून ठेवलं आहे. पाकिटात बडीशेप आहे, ती आधी तोंडात टाक. लहानपणी विमानात तुझे कान दुखायचे आणि तुझे बाबा तुला बडीशेप चघळायला द्यायचे. त्यांच्या खिशात कायम खडू, टेप आणि बडीशेप असायची. पडद्याचं कापड फाडतानासुद्धा तोंड चालू.

मला तुझ्यासारखं नीट मुद्देसूद लिहिता येत नाही. मी चौथी शिकलेली. त्यापुढचं सगळं मी समोरच्या दारातल्या मैमुनाबीच्या सुक्या मासळीवर शिकले. तिची मासळी रत्नागिरीहून मराठी वर्तमानपत्रात बांधून यायची, आणि ती कागद सोडवून मला द्यायची. म्हणायची, "घे कुंदा, बोंबलांची बातमी." वास यायचा, पण मी ओळ न् ओळ वाचायची. नंतर महाराष्ट्र मंडळाच्या कपाटातली पुस्तकं आणायला लागले. तेव्हा लिहिताना चुकलं तर तू समजून घेशील. शुद्धलेखनाचं म्हणते आहे. बाकीचं समजून घेशील की नाही, ते मला माहीत नाही.

सहा वर्षं मी दर पंधरा दिवसांनी तुला काचेपलीकडे पाहिलं. फोन कानाला लावायचा आणि वीस मिनिटं बोलायचं. त्या वीस मिनिटांत मी काय काय सांगितलं! मशीनचा पट्टा तुटला, गल्लीत नवी बेकरी निघाली, बाबांच्या जागी मला टेलर म्हणून व्हिसा देताना आपला अरबाब, दुकानाचा अरबी मालक, म्हणाला, "मास्टर का घर मेरा घर, खलास." सगळं सांगितलं. सांगायचं तेवढं राहिलं. परवा शेवटच्या भेटीत तू म्हणालास, "आई, तुरुंगातून सरळ विमानात बसवणार आहेत, ते एका अर्थी बरंय. बाहेर सोडलं असतं तर आधी फैजकडे गेलो असतो. आयुष्यात पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही मला." मैमुनाबीच्या पोराबद्दल तू असं बोललास आणि मी मान हलवली. सहा वर्षं मी अशीच मान हलवत आले आहे. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही, आणि मी हा कागद घेऊन बसले.

अठ्ठ्याण्णवचा मार्च आठवतो? बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तू वीस वर्षांचा, कॉलेज सोडून दुकान सांभाळत होतास. रात्रीची झोप उडाली होती तुझी, हे मला दिसायचं, पण मी काही बोलायची नाही. मला वाटायचं, बापाशिवाय दुकान चालवायचं म्हणजे झोप उडणारच. माझंही अन्न तुटलं होतं. एकदा तू फारच मागे लागलास, "आई, काहीतरी खा ना, सांग काय आणू?" तेव्हा मी उगाच म्हटलं, "अंबाडी आण." बार्शीला माझी आई अंबाडीची भाजी करायची, कण्या घालून, वरून लसणीची फोडणी, सोबत ज्वारीची भाकरी. शारजात मेथी मिळते, पालक मिळतो, अंबाडी काही मिळत नाही. तू म्हणालास, "बघतो." एवढंच. तू विसरलाही असशील.

मग तू माझ्याकडून ब्लॅकआउटचं अस्तर शिवून घेतलंस. दुकानाच्या माळ्यावर झरोक्यातून ऊन येतं, कापडाचा रंग विटतो, असं म्हणालास. मी दुहेरी शिलाई घातली. बाबांची शिकवण होती, पडद्यातून टाचणीएवढाही उजेड जाता कामा नये. तू हातात धरून बघितलंस आणि म्हणालास, "एक नंबर, आई." मला केवढं बरं वाटलं होतं!

त्या गुरुवारी तू खिडक्यांची मापं घ्यायला दुबईला गेला होतास. दुपारी एक ते चार दुकान बंद. मला उशीच्या खोळीसाठी मरून मखमलीचा तुकडा हवा होता, म्हणून मी किल्ली घेऊन खाली आले आणि शिडी लावून माळ्यावर चढले. वरची फळी सरकवली तर डोळे दिपले. भर दुपारी वर पांढरा लख्ख उजेड. पडद्याच्या दांड्यांना पडद्याच्याच हुकांनी ट्यूबलाइट टांगलेल्या. माझ्या अस्तराची चंदेरी बाजू आत करून चारी बाजूंनी लावलेलं. टेबलफॅन हळूहळू मान फिरवत होता. आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत सहा झाडं, गुडघ्याएवढी, हिरवीगार, हाताच्या पंजासारखी पानं.

पराग, मी तिथेच गुडघ्यांवर बसले आणि रडले. मला वाटलं, माझ्या पोराने माझ्यासाठी अंबाडी लावली. बाहेर वाळवंट, घरात गॅलरी नाही, म्हणून वेड्याने विजेवर अंबाडी वाढवली. मला न सांगता, अचानक ताटात वाढायची म्हणून. वास वेगळा होता. मी म्हटलं, कोंदट जागा आहे. पान चावून बघितलं, आंबट लागलं नाही. मी म्हटलं, उन्हाशिवाय आंबटपणा कुठून येणार? देठाला काटेही नव्हते. त्याचंसुद्धा मी काहीतरी कारण काढलं. ज्याला जे बघायचं असतं ते त्याला दिसतं. पुढे मंडळाच्या कपाटात मला वनस्पतींचं एक पुस्तक सापडलं. त्यात अंबाडीच्या शास्त्रीय नावातच गांजाच्या झाडाचं नाव घातलेलं आहे, पानं सारखी म्हणून. म्हणजे मोठ्या विद्वानांनाही ती सारखी दिसली होती. ते वाचून मला काही दिवस बरं वाटलं. मग तेही वाटेनासं झालं.

मी शेंडे खुडले. अंबाडीचे शेंडे खुडले की ती दुप्पट फुटते, म्हणून प्रत्येक झाडाचे खुडले. दोन जुड्या झाल्या. पारदर्शक पिशवीत घातल्या आणि लसूण आणायला कोपऱ्यावरच्या बकाल्यात गेले. इतक्या दिवसांनी मला भूक लागली होती. किराण्याच्या त्या छोट्या दुकानात तीन-चार माणसं उभी होती. त्यातल्या एकाने पिशवीकडे बघून विचारलं, "माताजी, ये क्या है?" तो कोण, कुठला, मला आजही माहीत नाही. आणि मी, जी मैमुनाबीशिवाय कुणाशी धड बोलायची नाही, ती मोठ्या तोंडाने सांगायला लागले, "हमारे गाँव की सब्जी है. मेरे बेटेने लगाई है, मेरे लिए. वो सामने परदे की दुकान है ना, उसके माळे पे." तो हसला नाही. "अच्छा," म्हणाला आणि काहीही न घेता निघून गेला. मी लसणाबरोबर हिरव्या मिरच्याही घेतल्या.

कळलं ना? तुला कुणी पकडून दिलं, हे तू सहा वर्षं विचारत होतास. पोलीस सरळ माळ्यावर कसे गेले? दुकानात कुठेही न शोधता शिडी कशी मागितली? तुझा हिशेब बरोबर होता. माळ्याची गोष्ट फक्त फैजला माहीत होती, त्याने आठवड्यापूर्वी तुझ्याशी भांडण केलं होतं, "फेकून दे हे, नाहीतर मी काकीला सांगेन," म्हणाला होता, आणि त्याला दोन दिवसांत सोडलं. तुझ्या हिशेबात चूक एवढीच की त्यात तू मला धरलंच नव्हतंस.

एक जुडी मी मैमुनाबीला दिली. ती समोरच्या दारात बसून पानं निवडायला लागली आणि म्हणाली, "कुंदा, ही तुझी अंबाडी मेल्यासारखी का वास मारते गं?" आम्ही दोघी हसलो. तेवढ्यात फैज जेवायला घरी आला. त्याने आईच्या मांडीवरचं ताट बघितलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्याने ताट उचललं, माझ्या ओट्यावरची जुडी उचलली, सगळं संडासात टाकून पाणी सोडलं, आणि मग मला धरून विचारलं, "काकी, कुणाला दाखवलं? कुणाला सांगितलं?" मी सांगितलं. तो जिन्यावरून धावत सुटला, झाडं उपटून टाकायला. पण शटरपाशी पोलिसांची गाडी उभी होती. त्याच्या हाताला त्या पानांचा वास होता, म्हणून त्यालाही नेलं. तुला दुबईहून परत येताना दुकानाच्या दारातच धरलं.

शिक्षा झाल्यावर तुझी पहिली भेट मिळाली तेव्हा मी ठरवूनच आले होते. पण मी तोंड उघडायच्या आधीच तू म्हणालास, "फैजने घात केला." आणि मी गप्प बसले. घरी येऊन मी फैजला म्हटलं, पुढच्या वेळी सांगते त्याला. तो आमच्या दारात उभा होता, बूट हातात. म्हणाला, "राहू दे काकी. त्याला दहा वर्षं दिलीत. तुमच्यावर रागावून ती त्याला नाही काढता येणार. माझ्यावर रागावून काढेल. त्याला आत असताना आई पाहिजे." मी नको म्हणायला हवं होतं. वीस वर्षांच्या पोराने काहीही म्हटलं, तरी मी चाळिशी ओलांडलेली बाई होते. मी नको म्हटलं नाही. पानं खुडली ती माझी चूक होती, पराग. ती मी अजाणता केली. ही मी जाणून केली, आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा केली.

तू आतून जे बोललास ते बाहेर पसरलं. तुला भेटून येणारी मुलं सांगायची. फैज क्रिकेट खेळायला गेला की ती खेळ थांबवायची. त्याचं एक स्थळ ठरत आलं होतं, चांगल्या घरातलं, मुलीच्या भावाने कुठूनतरी ऐकलं की हा पोलिसांचा खबऱ्या आहे. मोडलं. फैजचे वडील जहूरभाई नोकरीच्या गावाहून, रुवैसहून, सुट्टीवर यायचे, तेही माझ्याशी अदबीने बोलायचे, पण जेवायला बसायचे नाहीत. फैज मात्र येत राहिला. माझा गॅस सिलिंडर तो वर चढवायचा. आता तो दुबईला मरीनाच्या नव्या इमारतींत काचा बसवतो. बाबांची आठवण काढून म्हणतो, "काकी, एकेका इमारतीला हजार खिडक्या, प्रल्हादकाका असते तर वेडे झाले असते." तुझ्यासाठी न्यायचं सामान तोच बांधून द्यायचा. तो काळा स्वेटर, जो तुला फार आवडला, तो त्याने निवडला होता.

मैमुनाबी गेल्या वर्षी गेली, ते मी तुला सांगितलं. शेवटी शेवटी ती फार थकली होती. मी तिचे पाय दाबत बसले होते. तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, "पाय सोड. माझ्या पोराच्या पाठीवरचं तुझं ओझं उतरव आधी." मी म्हटलं, "उतरवते." ती म्हणाली, "इन्शाल्ला म्हण." मी म्हटलं. त्यालाही आता चौदा महिने झाले.

तू ती झाडं का लावलीस ते तू एकदा मला सांगितलंस, झोपेसाठी, बाजारात विकत घ्यायची भीती म्हणून, स्वतःपुरती. मी तुला त्याबद्दल काही बोलणार नाही. त्याची किंमत तू दिलीस. माझी किंमत दुसऱ्याच्या पोराने दिली. रमजानच्या माफीच्या यादीत तुझं नाव आलं तेव्हा अरबाब मला म्हणाला, तुम्हीही त्याच विमानाने जा. मी मुद्दाम मागे राहिले. तुझ्या शेजारी बसून हे सांगितलं असतं तर तू माझ्या तोंडाकडे बघून मला माफ केलं असतंस. मला तसं नको आहे. माझा व्हिसा या महिनाअखेर संपतो. मशीन विकली आहे. तू बार्शीला मामाकडे उतरशील, तिथे फोन आहे. तू बोलावलंस तर मी तुझ्याकडे येईन, नाही बोलावलंस तर धाकट्या मावशीकडे सोलापूरला उतरेन. तू काय ठरवशील ते मला चालेल, आणि हे मी रुसून लिहीत नाही.

आता एकच सांगायचं राहिलं. हे पाकीट हवाई सुंदरीने तुला दिलं असेल. तिच्याकडे ते फैजने दिलं. तोही याच विमानात आहे. तुला एकट्याला मुंबईहून बार्शीपर्यंतचा रस्ता सुचणार नाही, म्हणून त्याने सुट्टी काढली. तू त्याच्या हातून काही घेणार नाहीस हे त्याला माहीत आहे, म्हणून तो तुझ्या समोर आला नाही. तुला न दिसता बार्शीच्या गाडीत तुझ्या मागे बसायचं आणि तू घरात शिरलास की परत फिरायचं, असं त्याने ठरवलं आहे. पाकिटात मामाचा पत्ता आणि घराचे कागद आहेत, एवढंच मी त्याला सांगितलं आहे. खरं सांगितलं असतं तर त्याने हे आणलं नसतं. मुंबई यायला अजून दोन-अडीच तास आहेत. पट्टा सोड आणि मागे जा. तो अगदी शेवटच्या रांगेत, खिडकीपाशी बसला आहे.

तुझीच,
आई