न कुरकुरणारा कर्नल

१२ फेब्रुवारी

आई शेजारच्या इंदूबाईंना सांगत होती — "आमची उत्तरा कर्नलसोबत काम करते." लगेच प्रश्न — "लग्न झालं का वं त्याचं?" अरे देवा!

कर्नल म्हणजे यंत्राच्या आत बसून सगळं चालवणारा मूळ प्रोग्राम. आमची कंपनी शीतगृहांसाठी तापमानावर नजर ठेवणारे बॉक्स बनवते. आत गरम झालं की बोंब मारणारे. त्यांतला कर्नल जुना. नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्या केयूर जुन्यात आणून बसवतो, मी तपासते. आईला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे रिटायर कर्नल?"

सोडून दिलं.

१३ फेब्रुवारी

केयूरचे बदल आले. कोणती सोय चालू, कोणती बंद — ओळीच ओळी. खाली त्याची टीप: "काही विशेष नाही, होय म्हण." न बघता होय? मी?

१४ फेब्रुवारी

सापडलं!! बॉक्स अडकला तर त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारी एक सोय असते. आमचा राखणदारच तो. नव्या कर्नलमध्ये त्याचं नाव बदललंय. केयूरने ते नवं नाव जुन्यात लिहिलं. जुन्याला हे नाव माहीतच नाही. बरं, कुरकुरावं तरी? छे! गुपचूप ओळ गाळली. राखणदार गायब.

केयूरला फोन केला.

"माझ्या टेबलावर चालून राहिलं ना!"

"अडकल्यावर पाहिलं का?"

"अडकलंच नाही, तर काहून पाहू?"

आमचे साहेब, विक्रम सर, वैतागले. शनिवारी कळमन्याच्या शीतगृहात नवा बॉक्स बसवायचा ठरलाय, भांडण तिथेच मिटवा म्हणाले.

१५ फेब्रुवारी

केयूर आज वेगळ्या टेबलावर जेवला. जेवो!

१७ फेब्रुवारी

कळमना. मिरचीचं शीतगृह. दारातच केयूरला शिंका सुरू झाल्या, त्या थांबेचनात. तिथले मॅनेजर रुपराव मजेत बघत होते. "सवय होते जी."

जुना बॉक्स आणि केयूरचा नवा बॉक्स शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही मुद्दाम अडकवले. जुना थोड्या वेळात आपला आपण उठला. नवा ढिम्म. रुपरावांनी दार सताड उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं. जुना कोकलायला लागला. नव्यावर मघाचाच थंडगार आकडा!

"हा तर मेला गा!" रुपराव म्हणाले.

केयूर शिंकत शिंकत म्हणाला, "नाव बदललं, हे मले माहीतच नव्हतं."

"मलाही बुधवारीच कळलं," मी म्हटलं, आणि मलाही शिंक आली. मग दोघंही हसत सुटलो. डोळ्यांत पाणी, नाक लाल — चहावाला विचारत होता, कोणी गेलं का?

जिंकले म्हणून इतकं बरं वाटतंय, की लाज वाटावी. पण वाटत नाहीये!

१८ फेब्रुवारी

रविवार. सकाळीच केयूर हुडकेश्वरला, आमच्या दारात. चेहरा उतरलेला. "उत्तरा, हाच बदल मी मागच्या महिन्यात पाठवला आहे. आरोग्य केंद्रांत, लसींच्या फ्रिजवरच्या बॉक्सवर. तपासायले दिलाच नाही."

विक्रम सर एकेका केंद्राला फोन करून राहिलेत. आकडा खरा की अडकलेला, फोनवर कोण सांगणार?

उद्या बाळांना लस द्यायचा दिवस. केयूरची गाडी सुरू आहे, एकेका केंद्रातला फ्रिज स्वतः बघायला. निघते.