माझ्याआधी पोचलेली

शनिवार, २ ऑक्टोबर १९७६

आले एकदाची! दोन पेट्या, एक शिवणयंत्र आणि मी, सगळे धडधाकट स्कार्सुंदला पोचलो. उतरले तेव्हा धक्क्यावर चक्क ऊन होतं. ऑक्टोबरात आमच्या किनाऱ्यावर ऊन पडलं की लोक घड्याळ बघतात, किती टिकतंय म्हणून. मीही बघितलं. चाळीस मिनिटं टिकलं. शुभशकुनच म्हणायचा.

खोली मासेमारीच्या जाळ्यांच्या कोठीवर आहे. डांबराचा वास येतो, पण खिडकीतून फियोर्डचं तोंड दिसतं. घरमालकीण ओलाउग सत्तरीची, बोलण्यात फटकळ. उकडलेले बटाटे आणि कॉडमासा पुढ्यात ठेवून तिनं एका दमात विचारलं, की लग्न का नाही केलंस, बावन्नाव्या वर्षी ट्रोंडहाइम सोडून इथं कशाला तडमडलीस, आणि अजून बटाटा हवा का. मी फक्त बटाट्याचं उत्तर दिलं.

तडमडले ती बेरितसाठी. इथून बोटीनं चार तासांवर, फियोर्डच्या पार आतल्या टोकाला इंद्रेवोग, आणि तिथं माझी थोरली बहीण. आठ वर्षांच्या अबोल्यानंतर तिचं पत्र आलं. अक्षर शेजारणीचं, कारण बेरितला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. लिहिलंय, तीस तारखेला मी साठ वर्षांची होतेय, यायचं तर त्याआधी ये. आणि खाली दोनदा अधोरेखित: येणार म्हणालीस तर ये. ही ओळ मात्र शेजारणीची नाही.

सोमवार, ४ ऑक्टोबर

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात पहिला दिवस. मुख्य बाई हेर्दिस शिस्तीची. चाळीस म्हाताऱ्यांसाठी रस्सा केला, कुणी नावं ठेवली नाहीत.

मग धक्क्यावर, बोटीच्या कचेरीत. तिथला ओडवार म्हणजे चालतंबोलतं नियमांचं पुस्तक. बोट मंगळवारी आणि शुक्रवारी. पण इंद्रेवोगला ती वळते फक्त तिथला उतारू असेल तर, आणि त्यानं आदल्या दिवशी बाराच्या आत तक्त्यावर नाव लिहिलेलं असेल तर. मी पोचले बारा वाजून दहा मिनिटांनी. तक्ता समोर, पेन समोर, उतारू समोर, तरी नाही म्हणाला. मी म्हटलं, दहा मिनिटांनी काय फियोर्ड आटणार आहे? तो म्हणाला, बाई, बाराला तक्ता बंद होतो, फियोर्डचं मला माहीत नाही.

असो. बेरितला फोन केला, शुक्रवारी येते म्हणून. ती म्हणाली, बघू. तिच्या त्या 'बघू'ला कारण आहे, आणि ते लिहायलाच हवं. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी तीनदा येते म्हणून कळवलं आणि तीनदा बोट रद्द झाली म्हणून सांगितलं. आई 'पायरी वाजली, तोरुन आली' म्हणत, दाराकडे कान लावून गेली. बोट एकदाही रद्द झाली नव्हती. मी तिकीटच काढलं नव्हतं. मरणाला घाबरले होते मी. हे मी कुणाला, कधीच सांगितलेलं नाही. बेरितला सांगायचंय, तिच्या समोर बसून. त्याखेरीज या खटाटोपाला काही अर्थ नाही.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

नाव काल सकाळी आठलाच लिहिलं. ओडवारनं मान डोलावली. आणि आज वादळ! बोट धक्क्याला बांधलेली, मी पेटीवर बसलेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

संध्याकाळी बेरितला कळवायला फोन केला तर ती हसत सुटली. म्हणाली, अगं अडीचलाच पायरीवर तुझी पावलं वाजली, बूट आपटलेस, मी कॉफीचं आधण ठेवलं, ताटात लेफ्सच्या पोळ्या काढल्या, आणि बाईसाहेबांचा पत्ताच नाही. तुझा वार्डोगर आला आणि तू मागेच राहिलीस!

आम्हाला यात नवल नाही. माणसाच्या आधी त्याची चाहूल येते, तो वार्डोगर. आमच्या बाबांचा इतका नेमाचा, की तो वाजला की आई बटाटे चुलीवर चढवायची आणि ते शिजेपर्यंत बाबा दारात हजर. बेरित आठ वर्षांनी माझ्याशी हसली. वादळाचे आभारच मानायला हवेत.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

पुन्हा नाव लिहिलं. पुन्हा माशी शिंकली. दुसरी स्वयंपाकीण पडली तापानं, आणि हेर्दिस म्हणाली, चाळीस म्हाताऱ्यांना काय तुझ्या बहिणीच्या वाढदिवसाचा केक वाढू? मी कांदा चिरत होते, ते बरं झालं.

फोनवर कळलं, बेरितकडे चाहूल आजही गेली. या खेपेला नुसती पावलंच नाहीत, तर बाहेरच्या खुंटीवर कोट अडकवल्याचाही आवाज. बेरित हसली नाही. म्हणाली, तोरुन, पूर्वीसारखंच चाललंय तुझं. मी शपथेवर सांगितलं की या वेळी खरंच अडले. तिनं ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

ओलाउगला सांगितलं तर तिनं विणकाम खाली ठेवलं. म्हणाली, एकदा चाहूल गेली की मागोमाग माणसानं जावं, नाहीतर बेत पार मोडून टाकावा. हा काय पोरखेळ लावलायस, आज येते आणि उद्या येते? आणि बहिणीला सांगून ठेव, आधण ठेव हवं तर, पण चाहुलीला दार उघडू नकोस नि 'ये' म्हणू नकोस. माणसाचं दार माणूस उघडतं. मी म्हटलं, माझी बहीण सहा दशकं या किनाऱ्यावर आहे, तिला तू काय शिकवणार!

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

आज तर बोटीत बसले होते. बसले होते! अर्ध्या वाटेवर अरुंद खाडीत असं धुकं, की कप्तानानं बोट मागे फिरवली. पाच वाजता परत ओडवारच्या तोंडासमोर. तो म्हणाला, तिकीट पुढच्या वेळी चालेल. उपकारच झाले.

फोनवर बेरित चिडली होती. म्हणाली, बोट सुटल्याचं धक्क्यावरून कळलं होतं, वेळ बरोबर होती, पावलं बरोबर होती, म्हणून या खेपेला मी दारच उघडलं. म्हटलं, ये गं, आत ये. आत आलीस. खुर्ची करकरली. अर्धा तास मी वेड्यासारखी त्या खुर्चीशी बोलत बसले, कॉफी ओतली, आणि तू आता फोनवर!

मी विचारलं, खुर्ची आता रिकामी आहे ना?

ती म्हणाली, मला कुठं दिसतंय.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

काल नाव लिहिलं, आज पेटी घेऊन गेले, तर ओडवार म्हणतो बोट इंद्रेवोगला वळणार नाही. तिथल्या धक्क्यावरून निरोप आलाय, उतारू पोचलेला आहे. मी म्हटलं, उतारू इथं तुझ्यासमोर उभा आहे, माणसा! तो म्हणाला, बेरितची बहीण शुक्रवारपासून तिच्याकडे राहतेय, बेरितनं दुकानात स्वतः सांगितलं, केकसाठी साखर नेली जास्तीची. मग तू कोण?

मी टेबलावर मूठ आपटली. त्यानं वर बघितलं नाही. खिडकी लावून घेतली, वारा येतोय म्हणाला.

फोन केला. बेरितनं विचारलं, कोण बोलतंय? तोरुन म्हटल्यावर ती हसली. अगदी मोकळं हसली. तोरुन इथं बटाटे सोलतेय, म्हणाली. आणि मागून, दूर, मला माझा खोकला ऐकू आला.

बुधवार, २० ऑक्टोबर

ओलाउगला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'ये' म्हटलं ना तिनं? बसायला दिलं ना? मग आता तू जा. पोहत जा, पण जा. ती तिथं जेवढी रुळेल तेवढी तू इथली कमी होशील.

मी तिच्यावर खेकसले. जाऊ कशी? रस्ता नाही, बोट वळत नाही, भाड्यानं होडी द्यायला या हवेत कुणी तयार नाही. गेले अठरा दिवस मी दुसरं करतेय काय?

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात माझा एप्रन खुंटीवर नाही. हेर्दिस नव्या बाईला काम समजावत होती. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा दचकून म्हणाली, अगं, तू तर सोडून गेलीस ना, बहिणीकडे?

बेरितला फोन. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, हे बघा बाई, कोण असाल त्या, पुरे करा आता. माझी बहीण माझ्याजवळ आहे. तिनं मला सगळं सांगितलं. त्या न काढलेल्या तिकिटाचंसुद्धा. आम्ही दोघी रडलो आणि मी तिला माफ केलं.

फोन ठेवला तिनं.

आठ वर्षं जिभेवर ठेवलेली गोष्ट. माझी एकटीची. लाजेची का होईना, माझी होती. ती तिकडची बोलून मोकळी झाली, माफी तिला मिळाली. आणि मी इथं धक्क्यावर, ओल्या बाकावर—

रडूसुद्धा नीट येत नाही.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

काल तक्त्यावर नाव लिहिलं. ओडवारनं त्याच ओळीवर दुसऱ्याचं नाव लिहिलं. माझ्या अक्षरांवरून, सरळ. बोट वळली नाही.

ओलाउगनं ताट मांडलं नाही. जिन्यावर समोर आले तर अंग चोरलं नाही तिनं. मीच बाजूला झाले. मग थांबली, नाक वर करून म्हणाली, तोरुन, असशील तर शुक्रवारी जा, इंद्रेवोगच्या दुकानाची नवी चूल जातेय, बोट वळेल.

असशील तर.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

पायऱ्या वाजत नाहीत माझ्या. उड्या मारून बघितल्या.

खोकून बघितलं. नाही.

पेन अजून चालतंय. म्हणून लिहितेय.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

बोटीत. तिकीट कुणी मागितलं नाही. चुलीच्या खोक्याला टेकून उभी. बोट वळली— वळली! इंद्रेवोग. धक्क्यावर कुणी हात दिला नाही, उडी मारली.

तीन वाजलेत. बेरितचं घर. खिडकीत दिवा. केकचा वास. पायरीवर बसून लिहितेय, हात गार पडलाय. खुंटीवर माझा कोट आहे. माझ्या अंगावरही तोच.

बूट आपटले. आवाज नाही. दार ठोठावलं. नाही. कडी धरली— बोटं निसटतात. हे दार मला उघडता येत नाही—

ओरडले. बेरित, मी तिकीट काढलं नव्हतं! मी घाबरले होते! बेरित, मी आलेय गं!

दार उघडलं. बेरित. किती म्हातारी झालीय. तोंड वर करून उभी, कान लावून. मी अगदी समोर. तिनं हात पुढे केला, माझ्या चेहऱ्यापर्यंत आणला, आणि तो तसाच पुढे गेला. मला काही लागलं नाही. तिलाही नाही.

आत वळून म्हणाली, तोरुन, बाहेर कुणी बोलल्यासारखं वाटलं गं.

खुर्ची करकरली. पावलं— माझी पावलं, चांगली दणदणीत— दारापर्यंत आली. बेरितच्या खांद्यावरून ती बघतेय. सरळ माझ्याकडे. तिला मी दिसतेय. एकट्या तिलाच. बेरित विचारतेय, कोण आहे, आत बोलावू का? एवढं एकच म्हण, बेरित, 'ये' म्हण, एकदाच—

तिनं बेरितच्या खांद्यावर हात ठेवलाय. दार लोटतेय. म्हणतेय, कुणी नाही गं, आपल्या आईसारखे तुलाही आता नुसतेच भास व्हायला—