रिकाम्या जागेवरचा खिळा

अल्लाचं नाव घेऊन मी, पोनिरा, राकिमिन सुताराची बायको, राहणार कारांगसोनो, हे सांगते आहे आणि माझी नात वुलान लिहिते आहे. माझं वय कुठे लिहिलेलं नाही. पहिल्या मतदानाला मुलगा पार्नो कडेवर होता, त्यावरून काय तो अंदाज करावा. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी करायचं नसतं. कोणाचंही दडपण नाही. दडपण आणणारे सगळे माझ्याआधी गेले, एक सोडून. त्याचं पुढे येईल.

एक. घर, म्हैस आणि मागची केळी पार्नोला. सुनेनं माझी चूल मोडून खुशाल रॉकेलचा स्टोव्ह आणावा. माझ्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण तेवढं चुलीवर करावं.

दोन. कानातली सोन्याची फुलं आणि बाटिकची दोन्ही वस्त्रं वुलानला. ती म्हणते, "म्बाह, हे मी माझ्याच हातानं कसं लिहू?" लिही बाई. मला वाचता येत नाही, मनात आणलंस तर म्हैससुद्धा तुझ्या नावावर करशील.

तीन. मला पुरायचं ते ............ इथे. ही जागा कोरी ठेवली आहे. कारण खाली दिलं आहे.

चार. नवऱ्याचा रंधा, करवत, वाकस पार्नोला. डबीतल्या खिळ्यांचं शेवटी सांगते.

आमचा मतदारसंघ म्हणजे नदी आणि सागाचं जंगल यांच्यामधली गावं. इथून प्रांताच्या सभेवर माणूस निवडून जातो. परत आलेला मी एकच पाहिला, तोही जीप चिखलात रुतली म्हणून. पहिल्या मतदानाला माझ्यासारखेच फार, अक्षर न आलेले. म्हणून कागदावर चित्रं, आणि हव्या त्या चित्राला खिळ्यानं भोक पाडायचं. ते खिळे राकिमिननं केले. गावोगाव फिरून मत द्यायच्या प्रत्येक आडोशात दोरीनं बांधले. घरी आल्यावर मी विचारलं, "कोणतं टोचलंत?"

"गुप्त असतं ते, पोनि. बायकोलाही सांगायचं नाही असा नियम आहे."

अजून सांगितलेलं नाही.

आमच्याकडे त्या वेळी विळ्याचं चित्र जिंकलं. दहा वर्षांनी वारं फिरलं आणि ते चित्र टोचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. कोणीतरी उठवलं की सुतारानं खिळ्यांवर मंत्र टाकला होता, म्हणून सगळ्यांचे हात त्याच चित्रावर गेले. माझ्या दाढदुखीवर ज्याला मंत्र येत नव्हता तो! दिवेलागणीला बाहेरची माणसं ट्रक घेऊन त्याला न्यायला आली. पुढे कंदील धरून वाट दाखवायला आमच्याच गावचा पहारेकरी, मंगुन. राकिमिन जाताना म्हणाला, "भात झाकून ठेव." मी झाकून ठेवला. तेव्हापासून रोज एक ताट झाकते. माझ्यानंतर कोणी झाकू नये.

त्याची कबर नाही. रोज्यांच्या आधीच्या रुवाह महिन्यात सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं घालतात. मी टोपली घेऊन तिठ्यावर उभी राहते आणि वारा नेईल तिकडे उधळते.

पुन्हा मतदान सुरू झालं तेव्हा चित्रं थोडी, आणि त्यातलं कोणतं टोचायचं तेही आधीच सांगून ठेवलेलं. मी सगळी सोडली. दोन चित्रांमधल्या कोऱ्या जागेत खिळा खुपसला. ते राकिमिनचं मत. मोजणीच्या वेळी कागद उजेडाकडे धरून पुकारा करायचं काम तोवर मंगुनकडे आलं होतं. भलत्याच जागी उजेड दिसला आणि त्यानं कागद खाली घेतला. "बाद," तो म्हणाला, एखाद्याच्या घरी मयताचा निरोप द्यावा तसा.

दुसऱ्या दिवशी गावप्रमुख दारात.

"पोनिराबाई, अख्ख्या गावाचं मत एकाच चित्राला पडायला हवं होतं. तुमचा खिळा कुठे गेला?"

"डोळे अधू झालेत, साहेब. पुढच्या वेळी चित्रं जरा जवळजवळ काढा की."

पुढच्या वेळी तशी दोन भोकं निघाली. मग आणखी. मंगुनला मध्येच थांबून पाणी प्यावं लागायचं. ती पाडणाऱ्या बाया कोण, कोणाकोणाचे नवरे तसेच नेले होते, हे गावाला ठाऊक होतं. बोललं कोणी नाही. म्हणायचे, मेलेली माणसं मत देऊन गेली.

या वर्षी सगळं मोकळं झालं म्हणतात. कागद चटईएवढा, आणि चित्रांची अशी दाटी की राकिमिनच्या जागेवर भलताच कोणीतरी बसलेला. साहेबांनी माझं ऐकलं म्हणायचं. मी खिळा दोरीला तसाच सोडून परत आले. राकिमिनला आता मत द्यायला जागा उरली नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

पाच. राकिमिननं आमच्या लग्नात केलेला सागाचा पलंग मंगुनला द्यावा. अट एकच: राकिमिन कुठे आहे ते त्यानं दाखवावं. त्याला आज साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावलं आहे. हे कलम त्याला वाचून दाखवलं.

"वहिनी, पलंग नको. त्यावर मला झोप यायची नाही."

"जमिनीवर येते का?"

तो चटईवरून उतरून जमिनीवर बसला. मग म्हणाला, "माझ्या तोंडून निघत नाही ते."

"तोंडानं पुष्कळ पुकारा केलास. डबीतला खिळा घे. जा, ठोकून ये."

खिळा घेऊन तो उठला. पार्नो त्याच्या मागोमाग गेला. आम्ही बसून आहोत. वुलान, लिहायचं थांब आता.

पुढचं ते दोघे परत आल्यावर लिहिलं आहे.

कलम तीनमधली कोरी जागा भरावी: गावच्या सभागृहाच्या मागे, भिंतीला लागून, मतदानाच्या दिवशी चहाची चूल मांडतात तिथे. तेव्हा ते कळकाचं बन होतं. सभागृह नंतर झालं, आणि मतदान, मोजणी त्यातच होऊ लागली. ट्रक त्या संध्याकाळी रिकामाच गेला होता.

म्हणजे भिंतीच्या या बाजूला खिळा हातात घेऊन मी, आणि पलीकडे तो. प्रत्येक "बाद" त्यानं ऐकला.

मला त्याच्या शेजारी पुरावं. चहाची चूल दुसरीकडे मांडावी. रुवाहला दोघांत मिळून एक टोपली फुलं पुरे. उरलेले खिळे त्या बायांच्या घरी एकेक द्यावेत. मंगुन आणखी जागा दाखवील, त्यानं मान हलवली आहे. पलंग त्याचाच. झोपेचं त्यानं बघावं.

पुढच्या मतदानाला चुकून माझं नाव पुकारलं गेलं, तर पार्नोनं उठून सांगावं: ती आली आहे, भिंतीपलीकडे आहे.

पोनिरा हिचा डावा अंगठा.

साक्षीदार:
१. कास्दी, मशिदीत बांग देणारे. सही.
२. मंगुन. सही. कागदावर लागलेली माती त्याच्या हाताची आहे, झटकू नये.

कारांगसोनो, शुक्रवार, ३ डिसेंबर १९९९, रुवाह महिना.