जिना नव्हता, असं लिहिलंत

वारसा समितीच्या उत्कर्षा मॅडम,

एरंडवण्यातला दगडी बंगला राखायचा की पाडू द्यायचा, हे ठरवायला तुम्ही गेल्या महिन्यात आलात, तेव्हा दाराशी उभा होतो तो मी, मालकांनी कामाला ठेवलेला. मी कुठंच टिकत नाही, त्याआधी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात पिंजरे रंगवत होतो, ते असो. त्या बंगल्याचा सागवानी जिना तुम्ही यायच्या आधी मीच उतरवला. मालकांना तिथं सॉफ्टवेअरवाल्यांसाठी फ्लॅट बांधायचेत. म्हणाले, "जुनं काही दिसलंच नाही, तर समिती राखणार काय?"

तुम्ही विचारलंत, "वर कसं जायचं?"

"शिडीनं. जिना नव्हताच कधी," मी म्हणालो.

"मग पूर्वीची माणसं उडत जायची का?"

तेवढ्यात, जिना होता त्या मोकळ्या भिंतीलगत लाकडावर पावलं वाजली, सावकाश वर जाणारी. शेजारी उभे मालक मोबाइलवर बोलतच राहिले. तुम्ही मात्र चटकन बाजूला सरकलात, कुणाला वाट द्यावी तशा. मग कागदावर लिहिलंत, 'जिना नव्हता'.

मॅडम, मी रोज जाऊन ऐकतो. ती पावलं अजून खाली आलेली नाहीत. उद्या सकाळी पाडायला मशीन येतंय. खरं सांगितलं तर मी तुरुंगात जाईन, म्हणून हे पत्र खिशातच आहे. पण वर कुणीतरी आहे, आणि त्यांना उतरायला मी काहीच ठेवलेलं नाही.

तुम्ही नाव न विचारलेला,
समर्थ